सोसायटीचं काम देण्याआधी ठेकेदाराची सुरक्षाव्यवस्था कशी तपासावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी संपली की मुंबई, ठाणे, पुण्यात सोसायट्यांच्या दुरुस्त्या आणि रंगकामाचे दिवस सुरू होतात, ते थेट मे अखेरपर्यंत. मी ठाण्यातल्या एका सात मजली सोसायटीचा नऊ वर्षं सचिव होतो. आता आजूबाजूच्या सोसायट्यांचे पदाधिकारी टेंडर काढण्याआधी फोन करतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवतो आहे. रंग कुठल्या कंपनीचा घ्यावा, वॉटरप्रूफिंगची गॅरंटी किती वर्षांची मागावी, यावर इथे काही नाही. वर चढणारा किंवा टाकीजवळ वाकणारा माणूस संध्याकाळी धडधाकट परत जाईल का, हे काम देण्याआधी कसं तपासायचं, एवढंच आहे.

कामगार ठेकेदाराचे. मग त्यांच्या सुरक्षेची जबाबदारी सोसायटीवर कशी काय?

इमारत आपली, काम आपलं, आणि कोणाला वर चढू द्यायचं हा निर्णयही आपला. निष्काळजीपणामुळे कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं; शिक्षा पाच वर्षांपर्यंत. इमारत पाडताना किंवा दुरुस्त करताना पुरेशी खबरदारी न घेणं हा कलम २९० खाली वेगळा गुन्हा आहे. पोलिस आले की काम कोणी दिलं आणि काय बघून दिलं, हे विचारणारच. त्या वेळी कमिटीच्या फाइलमध्ये फक्त तीन कोटेशनं आणि दरांचा तक्ता असेल, तर उत्तर देणं अवघड जातं.

कायद्याच्या आधीची गोष्ट सांगतो. २०१६ साली आमच्याच इमारतीत प्लास्टरचं काम चालू असताना एक तरुण पहिल्या मजल्याच्या छज्जावरून खाली आला. मनगट मोडलं, कमरेचं हाड सरकलं. ठेकेदाराचा फोन दुपारपासून बंद. विमा नव्हता. सभासदांनी वर्गणी काढून हॉस्पिटलचं बिल भरलं. ठेकेदाराला काम देताना मी त्याला रंगाच्या शेडकार्डाबद्दल वीस प्रश्न विचारले होते. त्याची माणसं कशाला धरून काम करणार आहेत, हा एक प्रश्न विचारला नव्हता. कमिटीतल्या दुसऱ्या कोणीही विचारला नव्हता.

प्रत्येक कामासाठी एवढं करायचं का? नळ बदलायलाही?

नाही. नळ बदलणाऱ्याकडे विमा पॉलिसी मागत बसू नका. चार गोष्टींपैकी एक जरी कामात असेल तर तपासणी करायचीच: उंची, बंदिस्त जागा (सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, ड्रेनेजचे चेंबर), वीज, आणि तोडफोड. बाहेरून रंगकाम, परांची बांधून दुरुस्ती, गच्चीवरची शेड, टाक्यांची सफाई, लिफ्ट आणि मीटर रूम ही सगळी त्यात आली. एसी बसवणारा माणूस खिडकीबाहेर अँगलवर उभा राहतो, तोही त्यात आला. काम एका फ्लॅटमालकाचं असलं तरी माणूस सोसायटीच्या भिंतीवरच लटकतो.

तपासणी नेमकी कधी सुरू करायची?

टेंडर लिहितानाच. ठेकेदार ठरल्यावर सुरक्षेचं काढलंत, तर तो म्हणणार, "साहेब, हे रेटमध्ये धरलेलं नाही." आणि ते खरंही असतं. तो दर त्याने परांची, जाळी, बेल्ट, विमा यांच्याशिवाय काढलेला असतो. मग एक तर तुम्ही जास्तीचे पैसे देता किंवा तसंच काम सुरू होतं. बहुतेक ठिकाणी तसंच काम सुरू होतं.

म्हणून कामांच्या यादीत सुरक्षेची कलमं वेगळी लिहा आणि त्यांचे दर वेगळे मागवा: परांची किती चौरस फूट, जाळी किती मजल्यांवर, प्रवेशद्वारावर पत्र्याचं छत, बेल्ट आणि लाइफलाइन (बेल्ट अडकवायचा वेगळा दोर) किती नग, पूर्णवेळ सुपरवायझर एक, विम्याचा हप्ता. सगळे ठेकेदार त्याच यादीवर दर भरतील. एकाने जाळीसमोर शून्य लिहिलं तर ते लगेच दिसेल.

कोणते कागद मागायचे?

कागदांचा गठ्ठा मागू नका, कोणी वाचत नाही. मी एवढेच मागतो: कामगार नुकसानभरपाईची विमा पॉलिसी, ईएसआयसी (कामगार राज्य विमा) आणि पीएफची नोंदणी असेल तर चालू महिन्याचं चलन आणि त्यासोबतची नावांची यादी, ठेकेदाराकडे ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तर कामगार खात्याचा परवाना, आणि एक पानावर, त्याच्या स्वतःच्या शब्दांत, हे काम तो कसं करणार आहे.

हे शेवटचं पान सगळ्यात महत्त्वाचं. "आम्ही सर्व सुरक्षा नियमांचे पालन करू" असं छापील वाक्य आलं तर परत पाठवा. पश्चिमेकडची भिंत कशावरून रंगवणार, दोर कुठे बांधणार, मलबा खाली कसा उतरवणार, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला काय करणार, हे त्या पानावर आलं पाहिजे. जो ठेकेदार हे लिहू शकतो त्याने साइट नीट पाहिलेली असते. मराठीत लिहू दे, हिंदीत लिहू दे, हाताने लिहू दे.

एक सूचना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि कंत्राटी कामगार, बांधकाम कामगार, नुकसानभरपाई, ईएसआय यांचे जुने कायदे त्यांत सामावले गेले. ठेकेदार आणि त्यांचे सीए अजून जुनीच नावं घेतात. कराराच्या जुन्या नमुन्यात कंत्राटी कामगारांचा १९७० चा किंवा नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा लिहिलेला असेल तर वकिलाकडून तेवढं नीट करून घ्या.

विम्याची पॉलिसी दाखवली. आता झालं ना?

पॉलिसी दाखवणं आणि पॉलिसी लागू असणं यात फार अंतर आहे. ती हातात घेऊन पाच गोष्टी वाचा.

पहिली, मुदत: पूर्ण कामाची आहे का, की फेब्रुवारीत संपते? दुसरी, कामाचं ठिकाण: तुमच्या सोसायटीचा पत्ता आहे, की भलत्याच गावातली साइट? तिसरी, माणसांची संख्या. ही सगळ्यात जास्त वेळा चुकते. पॉलिसी पाच माणसांची आणि गेटवर सकाळी अठरा माणसं. चौथी, कामाचं स्वरूप: नुसतं "पेंटिंग" लिहिलंय की बाहेरून, उंचीवरचं काम लिहिलंय? काही पॉलिसींत उंचीची मर्यादा घातलेली असते, ती बारीक अक्षरांत असते. पाचवी, दवाखान्याचा खर्च धरलेला आहे का. मूळ पॉलिसीत तो बऱ्याचदा नसतो, जास्तीचा हप्ता भरून घ्यावा लागतो. हात मोडलेल्या माणसाला आधी तोच खर्च लागतो.

पॉलिसीवर विमा कंपनीचा नंबर असतो. फोन करून पॉलिसी चालू आहे का, हे विचारा. दहा मिनिटांचं काम आहे.

हे एवढं का, तर रकमेचा अंदाज घ्या. मृत्यू झाल्यास भरपाईचं सूत्र म्हणजे महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक. तीस वर्षांच्या माणसासाठी हा गुणक २०७.९८ आहे. महिना १५,००० रुपये धरले तर साडेपंधरा लाखांच्या वर रक्कम जाते. एवढे पैसे छोट्या ठेकेदाराच्या खात्यात नसतात. विमा नसेल तर मेलेल्या कामगाराच्या बायकोच्या हातात काहीच पडत नाही, ती कोर्टाच्या पायऱ्या चढत राहते.

चालू साइट बघायला जावं म्हणता. तिथे जाऊन काय बघायचं?

माझं सगळ्यात ठाम मत याच एका गोष्टीबद्दल आहे: कागद बघा, पण त्याची चालू साइट न बघता काम देऊ नका. पूर्ण झालेली, चकाचक इमारत दाखवायला नेतील, तिथे जाऊ नका. आज काम चालू आहे ती साइट विचारा आणि न सांगता, सकाळी साडेदहाच्या सुमारास जा. तोवर काम रंगात आलेलं असतं.

आधी लांब उभे राहून पाच मिनिटं नुसतं वर बघा. हेल्मेट, बेल्ट सगळ्यांकडे आहेत की एकाच माणसाकडे? बेल्ट घातलेला असेल तर त्याचा हूक कुठे आहे? मी एकदा पाचव्या मजल्यावरच्या रंगाऱ्याला बघितलं. अंगावर कोरा फुल बॉडी हार्नेस (खांदे आणि मांड्यांनाही पट्टे असलेला बेल्ट) होता आणि हूक त्याच्याच कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला. खाली आल्यावर विचारलं तर म्हणाला, "लावला की हात पोचत नाही साहेब, सारखा काढायला लागतो." खोटं बोलत नव्हता. त्याला एकाच हूकचा आखूड पट्टा दिला होता. सरकताना एक हूक काढायच्या आधी दुसरा लावता यावा म्हणून दोन हूकांचा पट्टा लागतो. ठेकेदाराने बेल्ट विकत आणला होता. तो बेल्ट घालून काम कसं होणार, हे त्याने बघितलंच नव्हतं. त्याचा दर सगळ्यात कमी होता. आम्ही त्याला काम दिलं नाही.

मग गच्चीवर जा. खरी तपासणी तिथेच होते. झुल्याचा, म्हणजे रंगारी ज्यावर लटकून काम करतो त्या फळीचा, दोर कशाला बांधलाय ते बघा. पाण्याच्या पाइपला, टाकीच्या शिडीला, डिश अँटेनाच्या अँगलला किंवा कठड्याला बांधला असेल तर तिथूनच परत फिरा. दोर इमारतीच्या काँक्रीटच्या कॉलमला बांधलेला हवा. लिफ्टच्या मशीन रूमचा कॉलम बऱ्याचदा सोयीचा पडतो. आणि दोर एक नको, दोन हवेत. एकावर झुला, दुसऱ्यावर माणसाचा बेल्ट, आणि दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेले. झुल्याचा दोर तुटला तर दुसऱ्याने माणूस धरून ठेवायचा असतो. दोन्ही एकाच गाठीत असतील तर दुसरा असून नसल्यासारखा.

दोर कठड्याच्या कडेवरून खाली उतरतो तिथे खाली काय घातलंय? गोणपाट, रबरी पट्टी, जुना टायर काहीही चालेल. नुसत्या सिमेंटच्या धारेवर दोर दिवसभर घासला तर तो आठवड्यात उसवतो. दोर हातात घ्या, पीळ थोडा उलगडा. आत भुकटी दिसली, धागे नखाने तुटले, किंवा उन्हाने दोर पांढरट, खरखरीत झाला असेल, तर तो निकामी आहे. हेल्मेट उलटं करून आत बघा. आयएसआयचा शिक्का आणि बनवल्याची तारीख असते. हार्नेसवर आयएस ३५२१ लिहिलेलं असतं. शिवण उसवलेली किंवा पट्टीवर रंगाचे कडक थर असतील तर बाद.

निघताना एखाद्या कामगाराशी बोला. ठेकेदार समोर नसताना. "इथे कोणाला काही लागलं तर काय करता?" एवढंच विचारा. चांगल्या साइटवर माणूस लगेच सांगतो: अमुकला हाक मारतो, पेटी तिथे आहे, गाडी आहे. जिथे काहीच ठरलेलं नाही तिथे तो हसतो आणि म्हणतो, "काय होत नाय साहेब."

परांची बरी की झुला?

नुसतं रंगकाम असेल तर नीट बांधलेला, दोन दोरांचा झुला चालतो. पण प्लास्टर तोडायचं, गंजलेल्या सळ्या उघड्या करायच्या, कॉलमला हात लावायचा असेल तर परांचीच. झुल्यावर बसून ब्रेकर (तोडफोडीचं यंत्र) चालवणं मी कधीही मान्य करणार नाही.

बांबूची असो की लोखंडी पाइपची, परांची जमिनीवर घट्ट टेकलेली, तिरप्या कैच्या मारलेली आणि दर ठरावीक अंतरावर इमारतीला बांधलेली हवी. फळ्या दोन तरी सलग, मध्ये फट नको. एकाच बांबूवर पाय ठेवून काम करणं ही आपल्याकडे सर्रास दिसणारी गोष्ट आहे, ती सुरुवातीलाच बंद करा. कमरेइतक्या उंचीवर आडवा दांडा. वर जायला शिडी, माकडासारखं चढणं नको. अवकाळी पाऊस झाला की पुन्हा तपासणी; सुंभ भिजून सुकला की गाठी ढिल्या पडतात.

जुन्या इमारतीत कॉलम फोडण्याआधी टेकू लावले पाहिजेत, आणि ते कुठे किती लावायचे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी सांगायला हवं. हे ठेकेदाराच्या अंदाजावर सोडू नका. वर तुम्ही राहता.

सेप्टिक टँकच्या सफाईसाठी काय बघायचं?

एकच गोष्ट: माणूस आत उतरणार नाही. बाकी सगळं नंतर.

हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या कलम ७ प्रमाणे गटाराच्या किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही, थेट किंवा दुसऱ्याकरवी, कामाला लावता येत नाही. "दुसऱ्याकरवी" हा शब्द सोसायट्यांनी नीट वाचावा. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा अजामीनपात्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख केली. कायमचं अपंगत्व आल्यास किमान २० लाख.

डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीतल्या एका सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये तीन कामगार गुदमरून गेले. त्यांच्या पत्नींना भरपाईसाठी उच्च न्यायालयात जावं लागलं. २०२१ साली न्यायालयाने प्रत्येकीला १० लाख देण्याचा आदेश दिला. अशा अपघातांत एकामागून एक माणसं जातात, कारण पहिला खाली कोसळला की दुसरा त्याला काढायला उतरतो.

टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. सुरुवातीला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. त्यामुळे "आता वास गेला, उतर" हे वाक्य मृत्यूचं असतं. शिवाय मिथेन असतो, ऑक्सिजन कमी असतो. पेटती काडी टाकून बघणं हा जुना उपाय स्फोटाला आमंत्रण देतो. रुमाल किंवा करोनातला मास्क या वायूंपुढे काहीच कामाचा नाही.

म्हणून ठेकेदाराला विचारायचं ते असं. मैला उपसणारी सक्शनची गाडी तुमची आहे का, नंबर काय? पाइप आमच्या चेंबरपर्यंत पोचतो का? येऊन बघून जा. तळाशी घट्ट गाळ उरला तर काय कराल? या शेवटच्या प्रश्नाला "एक माणूस उतरून मोकळा करतो" असं उत्तर आलं की बोलणं तिथेच थांबवा. योग्य उत्तर म्हणजे पाण्याच्या दाबाने गाळ ढिला करून पुन्हा उपसणं. वायू मोजायचं यंत्र, बाहेरून हवा पुरवणारा श्वसनसंच, तिपाई आणि वर ओढून घ्यायचा दोर यांच्याशिवाय कोणीही आत डोकावायचंसुद्धा नाही. ठेकेदार मिळत नसेल तर वॉर्ड ऑफिसात किंवा नगरपालिकेत विचारा. १४४२० हा याच कामासाठीचा हेल्पलाइन नंबर आहे.

चारशे-पाचशे रुपये जास्त देऊन "लवकर आटपा" म्हणणारे सभासद असतात. त्यांना गेटवरून घरी पाठवा.

पिण्याच्या पाण्याची टाकी तर स्वच्छच असते. तिथे काय धोका?

तीन आहेत. आत सबमर्सिबल पंप चालू ठेवून ओल्या पायांनी काम करणं: मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावा, किल्ली आत गेलेल्या माणसाच्या खिशात. डिझेल किंवा पेट्रोलचा पंप टाकीच्या तोंडाशी किंवा आत ठेवणं: त्याचा धूर आत साचतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि आतून इपॉक्सी किंवा वॉटरप्रूफिंगचं कोटिंग करणं: थिनरच्या वाफांनी माणूस गुंगतो, साध्या बल्बच्या ठिणगीने पेट घेतो. पंख्याने हवा खेळती ठेवायची आणि तोंडाशी एक माणूस पूर्णवेळ बसवायचा. तो चहा आणायला जाणार नाही, हे ठेकेदाराकडून कबूल करून घ्या.

लिफ्ट, वीज आणि अग्निशमन?

इथे तपासणी सोपी आहे, कारण परवाने आहेत. विजेच्या कामाला परवानाधारक विद्युत ठेकेदारच हवा. लिफ्टची देखभाल २०१७ च्या महाराष्ट्र लिफ्ट कायद्याखाली परवाना असलेल्यानेच करायची. अग्निशमन यंत्रणेसाठी लायसन्सधारक एजन्सी, जी दर जानेवारी आणि जुलैला "फॉर्म बी" (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) देते. तिन्ही परवान्यांची मुदत बघा. रंगकामवाल्यांच्या ग्राइंडर आणि ब्रेकरसाठी मात्र वेगळा बोर्ड करून द्या आणि त्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच) बसवा. खिडकीतून काढलेली उघडी वायर चालणार नाही.

सर्वसाधारण सभेत "सगळ्यात कमी रेटवाल्यालाच द्या" असा आग्रह होतो. काय सांगायचं?

दोन लिफाफ्यांची पद्धत वापरा. पहिल्या लिफाफ्यात विमा, साइटभेटीचा अहवाल, कामाच्या पद्धतीचं पान. त्यात जो बसत नाही त्याचा दराचा लिफाफा उघडायचाच नाही. कमी आकडा एकदा सभेसमोर आला की तो कोणाच्या डोक्यातून जात नाही, हे मी अनेकदा बघितलं आहे. कोणाला का वगळलं हे ठरावात लिहा, साइटवर काढलेले फोटो जोडा. फोटोपुढे वाद फार टिकत नाही.

काम एका ठेकेदाराला दिलं, प्रत्यक्षात दुसऱ्याचीच माणसं आली. मग?

हे नेहमीचं आहे. मोठा ठेकेदार काम घेतो आणि पेटी ठेकेदाराला देतो, तो मुकादमाला, मुकादम नाक्यावरून माणसं आणतो. वरच्याचा विमा खालच्या माणसाला लागू नसतो. म्हणून टेंडरमध्येच विचारा: परांची कोण बांधणार, झुल्यावर कोण बसणार, तुमच्या पगारपत्रकावर ही माणसं आहेत का? पेटी ठेकेदार आणायचा तर सोसायटीच्या लेखी परवानगीने, आणि त्याची तपासणीही याच पद्धतीने.

छोटा ठेकेदार आहे, माणूस चांगला आहे, पण कागद काहीच नाहीत. बाद करायचं का?

लगेच नको. अशा माणसांतले काही फार काळजीने काम करतात. परांचीची प्रत्येक गाठ स्वतः चढून ओढून बघणारा एक मिस्त्री मला माहीत आहे, ज्याला सही करायला वेळ लागतो. त्याला मदत करा. एका कामापुरती विमा पॉलिसी काढता येते. हप्ता सोसायटीने थेट भरून बिलातून वळता करावा. हार्नेस आणि हेल्मेट सोसायटीने विकत घेऊन वापरायला दिले तरी चालतात. त्याच्या कामगारांनी गेल्या वर्षभरात ९० दिवस काम केलं असेल आणि वय १८ ते ६० मध्ये असेल, तर राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होऊ शकते. अर्ज भरायला बसणारा एखादा निवृत्त सभासद प्रत्येक सोसायटीत असतो. पण सेप्टिक टँक आणि कॉलमच्या दुरुस्तीत ही सवलत नाही.

करारात काय लिहून घ्यायचं?

कबूल केलेली सुरक्षेची यादी कराराला जोडायची, तिची रक्कम वेगळी दाखवायची आणि त्या वस्तू साइटवर आल्याशिवाय काम सुरू नाही. अठरा वर्षांखालचं कोणी कामावर नाही. पावसात, जोराच्या वाऱ्यात आणि अंधार पडल्यावर बाहेरचं काम बंद. आणि एक कलम जे मी सोडत नाही: धोका दिसला तर सोसायटीने नेमलेला माणूस काम थांबवू शकेल आणि थांबलेल्या वेळेसाठी उशिराचा दंड लागणार नाही. दंडाची भीती असली की ठेकेदार वाऱ्यातही माणूस खाली सोडतो.

काम थांबवणाऱ्याचं नाव ठरलेलं असावं. "कमिटी बघेल" म्हणजे कोणीच बघणार नाही. सल्लागार आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर नेमला असेल तर सुरक्षेची पाहणी त्याच्या कामात आहे का, हे त्याच्या पत्रात वाचा. बऱ्याचदा तो फक्त मापं आणि बिलं तपासतो.

कामगारांचं राहणं, पाणी, संडास हेही सुरक्षेत येतं का?

येतं. रात्री पार्किंगमध्ये डासांत झोपलेला, सकाळी उपाशी चढलेला माणूस दुपारी दोनला उन्हात चक्कर येऊन पडतो. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेची भिंत सकाळी आणि पूर्वेची दुपारी करायला सांगा. पिण्याचं पाणी वरच्या मजल्यापर्यंत पोचवा. संडास वापरू द्या. "वॉचमनचा संडास नको" असं म्हणणाऱ्या सभासदांशी मी भांडलो आहे आणि पुन्हा भांडेन.

अपघात झालाच तर काय, हेही आधी विचारायचं?

हो, काम देण्याआधी. बेल्टने वाचवलेला माणूस दोराला लटकलेला राहिला तर मांड्यांच्या पट्ट्यांनी रक्त अडतं आणि काही मिनिटांतच त्याची शुद्ध जाऊ शकते. त्याला खाली कसं आणणार? अग्निशमन दल येईपर्यंत वाट बघणार, हे उत्तर पुरेसं नाही. जवळचं हाडांचं हॉस्पिटल कोणतं, रात्री सुरू असतं का, हेही आधी ठरवा. पडलेल्या माणसाला बखोटीला धरून बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही, १०८ ला फोन. टाकीत कोणी कोसळलं तर मागे उतरायचं नाही. पोलिसांना कळवा, दोर आणि परांची जशी आहे तशी राहू द्या.

आणि सगळ्यात आधी काय करावं?

गेटवर एक वही ठेवा. रोज सकाळी प्रत्येक कामगाराचं पूर्ण नाव, वय, गाव आणि घरच्या माणसाचा फोन नंबर. विमा पॉलिसीतली संख्या या वहीशी जुळवायची, पेटी ठेकेदाराची नवी माणसं याच वहीत दिसतात. २०१६ मध्ये आमच्या वहीत त्या मुलाचं नुसतं टोपणनाव होतं. तो बेशुद्ध होता, ठेकेदाराचा फोन बंद होता, आणि हॉस्पिटलच्या फॉर्मवर नातेवाइकांच्या जागी मी माझं नाव लिहिलं.